अकरावी-बारावीसाठीचा अभिक्रिया-वेग संच: मोजमापाचं सामान घ्या, पुस्तिका बाजूला ठेवा

कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेसाठी सगळं सामान एका खोक्यात देणारे संच हल्ली बरेच मिळतात. हे परीक्षण त्यातल्या एका जोड-संचाचं आहे. अर्धा भाग अभिक्रियेच्या वेगाचा, अर्धा अनुमापनाचा (टायट्रेशनचा, म्हणजे माहीत असलेल्या द्रावणाने दुसऱ्या द्रावणाची तीव्रता मोजण्याचा). एकाच घडणीचा माल वेगवेगळ्या शिक्क्यांखाली विकला जातो, त्यामुळे नाव देण्यापेक्षा खोक्यात काय असतं आणि ते कसं चालतं हे सांगणं जास्त उपयोगाचं.

आधी मत. मोजमापाचं सामान पैसे वसूल करणारं आहे. ब्युरेट (खाली सोडायची सोय असलेली मापनळी) बदलून घ्यावी लागते. रसायनं खोक्यावर लिहिलेल्या ‘५० विद्यार्थ्यांना’ पुरत नाहीत. आणि सोबतची पुस्तिका वाचून जसेच्या तसे प्रयोग केले तर बरेचसे बिघडतात. वेगाच्या प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं जागच्या जागी ठेवायचं, हा मूळ नियम आहे. संचातली प्रत्येक वस्तू आणि कृती याच नियमावर तपासली.

खोक्यात पाच कोनिकल फ्लास्क, १० आणि १०० मिलीचे मेजरिंग सिलिंडर, १० मिलीचा पिपेट, ५० मिलीची ब्युरेट, लाल द्रवाचा ११० अंशांपर्यंतचा थर्मामीटर, स्टॉपवॉच, ०.०१ ग्रॅमपर्यंत वाचणारा छोटा डिजिटल काटा, १०० मिलीची प्लास्टिकची गॅस सिरिंज आणि काळी फुली छापलेलं लॅमिनेट केलेलं कार्ड आहे. रसायनांत १०० ग्रॅम सोडियम थायोसल्फेट, २५ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड, स्टार्च, हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली, ऑक्झॅलिक आम्ल, मोहर सॉल्ट (फेरस अमोनियम सल्फेट), पोटॅशियम परमँगनेट, मॅग्नेशियमची फीत आणि संगमरवराचे खडे. आम्लं मिळत नाहीत, ती आपली आपण घ्यायची. एक मोलर (लिटरला एक मोल) हायड्रोक्लोरिक आम्ल एक लिटर करायला ३६ टक्क्यांचं तीव्र आम्ल सुमारे ८६ मिली लागतं. ते मोजून पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही.

थायोसल्फेटचा प्रयोग हा या संचाचा कणा. थायोसल्फेटच्या द्रावणात आम्ल पडलं की गंधकाचे बारीक कण तयार होतात, द्रावण दुधाळ होत जातं आणि फ्लास्कखालची फुली दिसेनाशी होते. फुली झाकायला दर वेळी साधारण तेवढंच गंधक लागतं, म्हणून वेग म्हणजे एक भागिले वेळ असं धरता येतं. या एका गृहीतकावर सगळा प्रयोग उभा आहे, आणि ते खरं राहायला द्रावणाची खोली दर वेळी सारखी हवी. इथेच संच कमी पडतो. पाचपैकी चार फ्लास्क १०० मिलीचे आणि एक २५० मिलीचा आहे. ६० मिली मिश्रण १०० मिलीच्या फ्लास्कमध्ये उंच उभं राहतं, २५० मिलीच्या रुंद तळावर पसरतं. पसरलेल्या थरातून फुली जास्त वेळ दिसते, वेळ वाढतो आणि आलेखावरचा तो एक बिंदू रेषा सोडून खाली बसतो. मुलं मग तो बिंदू ‘चुकीचा’ म्हणून खोडतात. खरं तर रीडिंग बरोबर असतं, भांडं चुकलेलं असतं. उपाय सोपा: पाचही वाचनं एकाच फ्लास्कमध्ये घ्या, मध्ये धुऊन, किंवा दुकानदाराकडून पाचवा फ्लास्क १०० मिलीचा मागून घ्या.

कृतीचं प्रमाण पुस्तिकेत बरोबर आहे. ०.१ मोलर थायोसल्फेट ५०, ४०, ३०, २० आणि १० मिली, प्रत्येकात पाणी घालून ५० मिली, मग १ मोलर आम्ल १० मिली. पाणी घालायचा रकाना मुलं हमखास विसरतात. पाणी न घालता नुसतं थायोसल्फेट कमी घेतलं तर त्याची संहती (द्रावणाची तीव्रता) हवी तेवढी बदलत नाही, आम्लाची संहती आणि खोली मात्र बदलते, आणि मग येणाऱ्या आकड्यांना काही अर्थ उरत नाही. आम्ल सगळ्यात शेवटी, एका झटक्यात ओतायचं, अर्धं पडलं की घड्याळ सुरू, फ्लास्क एकदाच गोल हलवायचा आणि पुन्हा फुलीवर ठेवून सरळ वरून बघायचं. बघणारा माणूस पाचही वाचनांना तोच हवा. २८ अंशांच्या आसपास ५० मिली थायोसल्फेट घेतलेल्या फ्लास्कला साधारण अर्धा मिनिट लागतो आणि १० मिली घेतलेल्या फ्लास्कला अडीच मिनिटं किंवा थोडं जास्त. याच्या फार बाहेर आकडे गेले तर द्रावण तपासा.

द्रावणात सगळ्यात जास्त होणारी चूक डबीच्या लेबलमुळे होते. संचातल्या डबीवर नुसतं ‘सोडियम थायोसल्फेट’ लिहिलं आहे. बाजारात हायपो म्हणून मिळतं ते पाच रेणू पाणी असलेलं, मोलर वस्तुमान २४८.२. लिटरला २४.८ ग्रॅम घेतले की ०.१ मोलर. तेवढंच वजन निर्जल थायोसल्फेटचं घेतलं तर द्रावण जवळजवळ ०.१६ मोलर होतं आणि सगळे वेळ कमी येतात. स्फटिक मोठे, काचेसारखे असतील तर ते पाणीवालं, पांढरी भुकटी असेल तर दुकानदाराला विचारल्याशिवाय वापरू नका. द्रावण उकळून गार केलेल्या डिस्टिल्ड पाण्यात करायचं, कारण पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडने आणि जिवाणूंनीही थायोसल्फेट हळूहळू फुटतं. लिटरला चिमूटभर, ०.१ ग्रॅम, सोडियम कार्बोनेट घातलं की टिकाव वाढतो. बाटलीच्या तळाशी पांढरट धूसरपणा दिसला की ते द्रावण ओतून टाका.

आता पुरवठ्याचा हिशोब. एका जोडीला संहतीच्या पाच वाचनांना १५० मिली लागतं, तापमानाच्या चार वाचनांना प्रत्येकी ५० मिली, म्हणजे २०० मिली. एकूण ३५० मिली. पन्नास विद्यार्थी म्हणजे पंचवीस जोड्या, म्हणजे पावणेनऊ लिटर, म्हणजे २१७ ग्रॅम हायपो. संचात आहे १०० ग्रॅम. सगळी मापं निम्मी केली, २५ मिलीपासून सुरुवात करून ५ मिली आम्ल घेतलं आणि लहान बीकर वापरले, तरीही १०८ ग्रॅम लागतात. म्हणून हायपोची ५०० ग्रॅमची सुटी बाटली आधीच घेऊन ठेवावी. एल.आर. (प्रयोगशाळेच्या साध्या कामाच्या) प्रतीची पुरते आणि खर्च किरकोळ आहे. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटवर सहज मिळते, इतर शहरांत प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या कोणत्याही दुकानात. पोटॅशियम आयोडाइडचा हिशोब मात्र उत्पादकाने नेमका केलाय. पुढे येणाऱ्या आयोडीन घड्याळाच्या प्रयोगात जोडीला ०.१ मोलरचं ६० मिली लागतं, पंचवीस जोड्यांना दीड लिटर, म्हणजे २४.९ ग्रॅम. डबी २५ ग्रॅमची. सांडलवंड धरलेली नाही, पण महागाचं रसायन पुरेसं दिलंय, हे नोंदवायला हवं.

तापमानाचा भाग पुस्तिकेत सरळ चुकीचा आहे. थायोसल्फेट ३०, ४०, ५०, ६०, ७० अंशांना तापवा आणि त्यात आम्ल घाला, असं लिहिलंय. आम्ल तापवायचा उल्लेखच नाही. ६० अंशांच्या ५० मिलीत खोलीच्या तापमानाचं, समजा २८ अंशांचं, १० मिली आम्ल पडलं की मिश्रण ५४ ते ५५ अंशांवर येतं. मुलं तक्त्यात ६० लिहितात. खालच्या टोकाला फरक जवळजवळ नाही, वरच्या टोकाला पाच अंशांहून जास्त, त्यामुळे चूक सगळीकडे सारखी वाटली जात नाही, ती रेषेचा उतारच बदलते. २८ आणि ६० या दोन टोकांवरून सक्रियण ऊर्जा (अभिक्रिया घडायला लागणारी किमान ऊर्जा) काढली तर ती सुमारे १५ टक्क्यांनी कमी येते. बरोबर रीत अशी: थायोसल्फेटचा फ्लास्क आणि आम्लाची परीक्षानळी दोन्ही एकाच गरम पाण्याच्या बीकरमध्ये ठेवायची, मिसळल्यावर लगेच थर्मामीटर बुडवायचा, फुली दिसेनाशी झाल्यावर पुन्हा वाचायचं आणि दोन्हींची सरासरी लिहायची. पाण्याच्या बीकरमधून फ्लास्क काढला की तळ पुसायचा, नाहीतर थेंबांमुळे फुली आधीच पुसट दिसते.

वरची मर्यादा ५५ अंश ठेवावी. त्यापुढे दोन अडचणी. एक म्हणजे वेळ काही सेकंदांवर येतो आणि हाताची चूक आकड्याएवढी होते. दुसरी जास्त गंभीर: गरम द्रावणातून सल्फर डायऑक्साइड भराभर बाहेर पडतो. दमा असलेल्या मुलाला तो लगेच बाधतो. पुस्तिकेत याबद्दल एक ओळही नाही आणि ही या संचातली सगळ्यात मोठी उणीव आहे. वाचन संपलं की फ्लास्क टेबलावर साठू द्यायचे नाहीत. अर्धी बादली पाण्यात सुमारे ५० ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवून ठेवायचा आणि प्रत्येक फ्लास्क त्यात रिकामा करायचा. वीस फ्लास्कमधलं आम्ल मारायला एवढा सोडा पुरून उरतो आणि वास तिथल्या तिथे थांबतो. पाण्यात फिनॉल्फ्थॅलिनचे चार थेंब टाकले तर गुलाबी रंग गेला की सोडा संपला हे कळतं. फ्लास्क लगेच ब्रशने घासले नाहीत तर गंधकाचा पांढरा थर काचेला धरतो आणि पुढच्या बॅचला फुली सुरुवातीपासूनच धूसर दिसते.

ज्या वर्गात तापमान दहा अंशांनी वाढलं की वेग दुप्पट होतो हे पाठ केलेलं असतं, तिथे इथली वाचनं सोन्यासारखी आहेत. २५ वरून ३५ अंशांवर वेग बरोबर दुप्पट झाला तर सक्रियण ऊर्जा मोलला ५३ किलोज्यूलच्या जवळ येते. मुलांनी आपल्याच तक्त्यावरून हा आकडा काढला की वेग आणि तापमान यांचं नातं सांगणारं अऱ्हेनियसचं समीकरण त्यांना परीक्षेनंतरही आठवतं.

आयोडीन घड्याळाचा प्रयोग. हायड्रोजन पेरॉक्साइड आम्लात आयोडाइडपासून आयोडीन सोडतो, थायोसल्फेट ते लगेच गिळतं, आणि थायोसल्फेट संपलं त्या क्षणी स्टार्च निळाशार होतो. रसायनशास्त्रज्ञ हारकोर्ट आणि गणितज्ञ एसन यांनी ऑक्सफर्डमध्ये १८६०च्या दशकात याच अभिक्रियेवर काम केलं, म्हणून ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. पुस्तिकेतलं प्रमाण चांगलं आहे. एका मोठ्या फ्लास्कमध्ये ३ टक्के पेरॉक्साइड २५ मिली, २.५ मोलर सल्फ्युरिक आम्ल २५ मिली, ताजं स्टार्च ५ मिली, पाणी १९५ मिली. दुसऱ्या तशाच मोठ्या फ्लास्कांमध्ये ०.१ मोलर पोटॅशियम आयोडाइड १०, २० आणि ३० मिली, प्रत्येकात ०.०४ मोलर थायोसल्फेट १० मिली, पाणी घालून १०० मिली. मग प्रत्येकात पहिल्या फ्लास्कमधलं २५ मिली. यात थायोसल्फेट संपेपर्यंत पेरॉक्साइडचा जेमतेम नऊ टक्के भाग खर्च होतो, त्यामुळे आरंभीचा वेग मोजला असं म्हणता येतं.

इथे थायोसल्फेट हेच घड्याळाचं माप, म्हणून ते पिपेटनेच घ्यायचं. सिलिंडरने घेतलं आणि अर्धा मिली चुकला तर वेळ थेट पाच टक्क्यांनी हलतो. पाणी सिलिंडरने घेतलं तर चालतं.

निळा रंगच येत नाही, ही या प्रयोगाची नेहमीची तक्रार. दोष बहुतेक वेळा पेरॉक्साइडचा. ते गोदामात, उन्हात, धुळीने आणि धातूच्या अंशाने आपोआप फुटत राहतं. संचातल्या बाटलीवर टक्केवारी आहे, भरल्याची तारीख नाही. म्हणून वर्गाच्या आदल्या दिवशी तपासायचंच. १० मिली पेरॉक्साइड २५० मिलीपर्यंत पातळ करा, त्यातलं १० मिली सल्फ्युरिक आम्ल घालून ०.०१ मोलर परमँगनेटने अनुमापित करा. खरोखर ३ टक्के असेल तर १४.१ मिली लागतं. १० मिलीच लागलं तर ते २.१ टक्क्यांवर आलंय, त्या प्रमाणात जास्त घ्या आणि पाणी तेवढंच कमी करा. ५ मिलीच्या खाली आलं तर नवी बाटली. दुसरा संशय स्टार्चवर: एक ग्रॅम स्टार्च थोड्या गार पाण्यात कालवून १०० मिली उकळत्या पाण्यात ओतायचं, पारदर्शक झालं की उतरवायचं. ते त्याच दिवशी वापरायचं, दोन-तीन दिवसांत आंबतं. आम्लात मिसळून ठेवलेलं स्टार्चही हळूहळू तुटतं, तेव्हा ते मिश्रण दुसऱ्या दिवसावर ठेवू नका.

गॅस सिरिंजचा प्रयोग उत्साहाने दिलाय, पण आकडे न तपासता. पुस्तिका म्हणते १ ग्रॅम संगमरवर घ्या. एक ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटपासून खोलीच्या तापमानाला सुमारे २४५ मिली कार्बन डायऑक्साइड निघतो आणि सिरिंज १०० मिलीची. दट्ट्या बाहेर उडतो किंवा बूच निसटतं. ०.३५ ग्रॅम घेतले की ८६ मिलीच्या आसपास येतात, तेवढंच पुरे. एकदा एक खडा, एकदा तेवढ्याच वजनाचा चुरा, असं घेतलं की पृष्ठफळाचा परिणाम स्पष्ट दिसतो. मॅग्नेशियमचं तसंच: ०.१ ग्रॅमला १०० मिलीपेक्षा थोडा जास्तच हायड्रोजन निघतो, म्हणून ०.०८ ग्रॅम. संचातला काटा ०.०१ ग्रॅमवर थांबतो, तेव्हा एवढासा तुकडा तोलला तर बारा टक्क्यांपर्यंत चूक होते. एक मीटर फीत तोलायची, साधारण एक ग्रॅम भरते, आणि वजनाच्या प्रमाणात सेंटिमीटर मोजून कापायची. फितीवरचा काळपट थर पॉलिश पेपरने आधी घासून काढायचा, नाहीतर पहिले काही सेकंद वेग उगीच मंद दिसतो. सिरिंज घेताना टोक बोटाने बंद करून दट्ट्या ५० मिलीपर्यंत ओढून सोडा. तो परत आला नाही तर गळती आहे, तिथल्या तिथे बदलून मागा.

अनुमापनाच्या भागात काचेची प्रत ठीक, पण ब्युरेटला खाली रबरी नळी आणि चिमटा आहे. सोडियम हायड्रॉक्साइडसाठी अशी ब्युरेट उत्तम, काचेची तोटी अल्कलीने अडकते. पण बारावीच्या अनुमापनात परमँगनेट असतं, आणि परमँगनेट रबराशी अभिक्रिया करतं. नळी काळवंडते, चिकट होते, द्रावणाची संहती बदलते. परमँगनेटसाठी टेफ्लॉनच्या किंवा काचेच्या तोटीचीच ब्युरेट हवी, आणि उत्पादकाला कळवलं तर ती थोडा फरक घेऊन बदलून मिळते. वर्ग ‘बी’ची ५० मिलीची ब्युरेट शाळेला पुरते, तिची परवानगी असलेली चूक ०.१ मिली. नवी आली की २८ अंशांच्या पाण्याचे १० मिली सोडून तोलून बघा. ९.९५ ग्रॅमच्या जवळपास यायला हवं.

ऑक्झॅलिक आम्ल आणि परमँगनेटचं अनुमापन मुलांना वेगाच्या धड्याशी जोडून दाखवावं. पुस्तिकेने ही संधी सोडलीय. ०.०५ मोलर ऑक्झॅलिक आम्ल २५० मिली करायला १.५८ ग्रॅम लागतं. काट्यावर ०.०१ ग्रॅमची चूक झाली तर २० मिलीच्या रीडिंगमध्ये सुमारे ०.१३ मिली, म्हणजे ब्युरेटच्या एका भागाएवढा फरक. चालण्यासारखा आहे. फ्लास्कमध्ये १० मिली ऑक्झॅलिक आम्ल, एक परीक्षानळीभर विरल सल्फ्युरिक आम्ल, आणि ६० ते ७० अंशांपर्यंत तापवायचं. पहिला थेंब पडला की गुलाबी रंग तसाच रेंगाळतो. घाईतला विद्यार्थी इथेच एंड पॉइंट (अनुमापन पूर्ण झाल्याची खूण) लिहून मोकळा होतो. थांबायचं, हलवायचं. रंग गेला की पुढचे थेंब झटपट विरतात, कारण तयार झालेला मँगनस आयन स्वतःच या अभिक्रियेचा उत्प्रेरक असतो. उत्प्रेरकाचा परिणाम इतक्या ठळकपणे, वेगळं काही न घालता, दुसऱ्या कोणत्या नेहमीच्या प्रयोगात दिसत नाही. एक परीक्षानळी आधी मँगनस सल्फेटचे दोन थेंब घालून आणि एक न घालता शेजारी ठेवली तर मुलांना समजावून सांगायची गरजच पडत नाही.

फ्लास्कमध्ये तपकिरी गढूळपणा आला तर आम्ल कमी पडलं. हायड्रोक्लोरिक आम्ल वापरायचं नाही, परमँगनेट त्यातल्या क्लोराइडचंही ऑक्सिडीकरण करतं. नायट्रिकही नाही, ते स्वतःच ऑक्सिडीकारक. मोहर सॉल्टचं अनुमापन मात्र गरम करायचं नाही, फेरस हवेतल्या ऑक्सिजनने फेरिक होतं. परमँगनेटचा रंग गडद असल्यामुळे ब्युरेटमध्ये द्रवाच्या वक्र पृष्ठभागाची वरची कड वाचायची. पुस्तिकेत इथेही सरसकट खालची कड लिहिलीय.

कुणी घ्यावा? नव्याने प्रयोगशाळा उभी करणाऱ्या महाविद्यालयाने किंवा घरी दोन-चार मुलांना प्रयोग करून दाखवणाऱ्या शिक्षकांनी जरूर घ्यावा. ज्यांच्याकडे काचसामान आधीच आहे त्यांनी फक्त काटा, सिरिंज आणि थर्मामीटर सुटे घ्यावेत. मागणी नोंदवताना चार गोष्टी लिहून द्या: पाचही फ्लास्क १०० मिलीचे, ब्युरेट टेफ्लॉन तोटीची, थायोसल्फेटच्या डबीवर पाच रेणू पाण्याचा उल्लेख आणि पेरॉक्साइड संचातून वगळलेलं. पेरॉक्साइड जूनमध्ये आलं तर प्रात्यक्षिक परीक्षेपर्यंत त्याचा जोर निम्मा झालेला असू शकतो. ते जानेवारीत, ताज्या तारखेची बाटली बघून, शहरातल्याच दुकानातून घ्या.